वावर घेण्याआधी महाभूमी: दीडशे रुपयांत काय कळतं आणि काय नाही

जमिनीच्या सौद्यात सगळ्यात स्वस्त कागद म्हणजे सातबारा. तरी एकराचा भाव लाखांत ठरवणारा माणूस पंधरा रुपयांचा उतारा स्वतः काढत नाही. विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो बघतो आणि इसार (आगाऊ रक्कम) देऊन मोकळा होतो. तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो, मधल्या काळात त्याच वावरावर (शेतावर) कर्जाचा बोजा चढलेला असू शकतो, आणि कधी कधी तर ते वावर विकूनही झालेलं असतं.

राज्य सरकारच्या जमीन-नोंदींच्या ऑनलाइन सेवा, म्हणजेच महाभूमी, विदर्भातल्या खेड्यात शेती घेणाऱ्याच्या किती कामाच्या, ते इथे पाहू. मत आधीच सांगून टाकतो: नको तो सौदा मोडायला या सेवा एक नंबर आहेत, पण नुसत्या त्यांच्या भरवशावर सौदा पक्का करू नये. सातबारा हा महसुली कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. मालकी येते ती खरेदीखत, वाटणी, वारसा, मृत्युपत्र नाहीतर कोर्टाच्या हुकूमनाम्यातून. नुसत्या फेरफाराने (सातबाऱ्यावरचा बदल नोंदवणाऱ्या नोंदीने) कोणी मालक होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितलं आहे.

सेवा एकच नाही, चार-पाच आहेत आणि लोकांची गल्लत तिथूनच सुरू होते. महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) फुकट दिसतो. विभाग निवडायचा (पश्चिम विदर्भाला अमरावती, पूर्व विदर्भाला नागपूर), मग जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. हा उतारा फक्त बघण्यापुरता असतो, त्यावर सही नसते. सहीचा हवा तर डिजिटल सातबाराची साइट आहे. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने लॉगिन होतं, खात्यात पैसे टाकायचे आणि प्रत्येक उताऱ्याचे १५ रुपये कापले जातात. पैसे कापले आणि उतारा उघडला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी व्यवहारांची यादी बघा. त्या उताऱ्यावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की सरकारी साइटवरची नोंद उघडली पाहिजे. विकणाऱ्याने दिलेला उतारा खरा की खोटा, हे तपासायला एवढं पुरतं.

सेतू केंद्रात जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. काही ठिकाणी फुकट दिसणारा उतारा छापून सहीच्या उताऱ्याचे पैसे घेतले जातात. कागदावर डिजिटल सही आणि क्यूआर कोड नसेल, तर तुम्ही नुसत्या छपाईचे पैसे मोजलेत.

हिशेब असा: सातबारा १५, आठ-अ १५ आणि त्या गटाचे महत्त्वाचे सात-आठ फेरफार प्रत्येकी १५. म्हणजे साधारण दीडशे रुपयांत पहिली चाळणी होते. आता उतारा वाचायचा कसा, त्याकडे वळू. पैसे भरून उतारा काढणारेही बरेचदा नाव आणि क्षेत्र पाहून कागद घडी करतात.

सुरुवात भूधारणा पद्धतीपासून करा, नाव नंतर. तिथे ‘भोगवटादार वर्ग-१’ असेल तर पुढे वाचा. ‘वर्ग-२’, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल, तर तिथेच थांबून एकच प्रश्न विचारा: जमीन वर्ग-२ कशामुळे? शासनाने वाटलेली, सीलिंगमधून मिळालेली, कुळकायद्यात विकत घेतलेली, पुनर्वसनात मिळालेली, भूदानाची, अशी कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची परवानगी व नजराणा वेगळा असतो. ‘परवानगी नंतर काढून देतो’ म्हणणाऱ्याला आधी परवानगी काढायला सांगा, खरेदीचं बोलणं नंतर. परवानगीशिवाय झालेली खरेदी शर्तभंग ठरते. त्यात जमीन सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते आणि ते भोगतो खरेदी करणारा.

मग नावं. एका खात्यात चार नावं असतील आणि सौद्याला एकच माणूस बसला असेल, तर त्याचा हिस्सा किती ते विचारा. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर ती एकत्र कुटुंबाची जमीन, आणि समोर बसलेला माणूस फक्त कर्ता. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे नाव लहान मुलाचं आणि कारभार आईचा किंवा आणखी कोणाचा. अज्ञानाच्या स्थावराची विक्री पालकाला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६, कलम ८). परवानगी न घेता विकली तर मुलगा सज्ञान झाल्यावर ती खरेदी रद्द करून मागू शकतो. उताऱ्यावरच्या त्या तीन अक्षरांवरून लोकांची नजर सहज निसटते.

कंसातलं किंवा आडवी रेघ मारलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. ते कोणत्या फेरफाराने कमी झालं त्याचा नंबर शेजारी असतो, तो टिपून ठेवा, पुढे लागेल.

इतर अधिकाराच्या रकान्यात खरी माहिती असते. बँकेचा बोजा, सेवा सोसायटीचा इकरार (कर्जासाठी जमिनीवर भार लिहून दिल्याचा कागद), कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम, भूसंपादनाची नोंद, ‘हस्तांतरणास बंदी’ असा शेरा, सगळं तिथेच असतं. गोसेखुर्दसारख्या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठीच्या निर्बंधाचे शेरे दिसतात. तो शेरा उठल्याचा आदेश हातात नसेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन काही हाती लागत नाही.

सोसायटीच्या इकराराबद्दल इथे थोडं जास्त लिहितो, कारण ग्रामीण विदर्भातलं पीककर्ज बहुतेक विविध कार्यकारी सोसायटी आणि जिल्हा बँकेतून जातं. सभासदाने इकरार लिहून दिला की सहकार कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीवर भार येतो. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. संस्थेचा बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) पटवाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, जायला हवा, त्याचा फेरफार व्हायला हवा. कधी उलटंही होतं: नवं कर्ज उचललेलं असतं आणि बोजा अजून उताऱ्यावर चढलेला नसतो. म्हणून सातबारा कोरा दिसला तरी सोसायटीचा आणि गाव दत्तक असलेल्या बँकेचा ताजा बेबाकी दाखला मागाच. दाखल्याची तारीख खरेदीच्या आठवड्यातली असावी.

नव्या नमुन्याच्या उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख येते आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही येतं. या सेवांमधली सगळ्यात उपयोगी सुधारणा कोणती म्हणाल तर ही. प्रलंबित फेरफार दिसला की ‘आपली चावडी’ उघडा आणि गाव निवडून नोटीस वाचा. वारस, खरेदी, बक्षीस, बोजा, कसला फेरफार आहे ते तिथे कळतं. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, आणि असं वावर हरकतीचा निकाल लागेपर्यंत घेऊ नये.

आठ-अ वर त्या खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. विकणाऱ्याच्या हिश्श्याची बेरीज करायला तो बरा. आकडे हेक्टर-आर मध्ये असतात. १ हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, १ आर म्हणजे साधारण १ गुंठा. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (पिकाला न येणारी जमीन) वेगळा लिहिलेला असतो. भाव एकूण क्षेत्राचा लावायचा की लागवडीचा, हे बोलणीतच ठरवा, नाहीतर नाल्याच्या पोटातली जमीन कपाशीच्या भावाने गळ्यात पडते.

आता फेरफार. खालून वर जा: आजच्या मालकाच्या नावाचा फेरफार कोणत्या दस्तावरून झाला, त्याच्या आधीच्याचा कोणत्या, असं करत निदान तीस वर्षं मागे. प्रत्येक कडीला दस्ताचा नंबर, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव मिळालं पाहिजे. वारसाचा फेरफार आला की वंशावळ कागदावर मांडा आणि बहिणी मोजा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. गावात अजूनही ‘बहिणींनी सोडून दिलं’ असं तोंडी सांगतात. हक्कसोडपत्र नोंदणीकृत पाहिजे. साध्या कागदावरची संमती किंवा पटवाऱ्यापुढचा जबाब यावर पैसे देऊ नका. जिची सही नाही अशी एक बहीण दहा वर्षांनी दाव्यात उभी राहिली, तर कोर्टात तुमचा सातबारा तिला अडवू शकत नाही.

जुन्या नोंदी ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून ठेवल्या आहेत. कल्पना फार चांगली आहे, प्रत्यक्षात सगळ्या गावांचा सगळा दप्तर तिथे सापडेलच असं नाही. स्कॅन पुसट, पानं मागेपुढे. तिथे अडलं की तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावाच लागतो. विदर्भात तिथून मागायचा मुख्य कागद म्हणजे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. त्यामुळे जुन्या कागदांत भूमिस्वामी, भूमिधारी असे शब्द येतात. भूमिधारी दिसलं की ती जमीन पुढे वर्ग-२ मध्ये गेली होती का आणि वर्ग-१ कोणत्या आदेशाने झाली, ते शोधा. नागपूर-वर्धा-भंडारा-चांद्याकडे (चंद्रपूर) मालगुजारी होती, म्हणजे सारा मालगुजारामार्फत जायचा, वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला भरायचा, म्हणून दोन्हीकडचे जुने कागद एकसारखे नसतात. पुण्या-मुंबईच्या वकिलाने केलेला सर्च रिपोर्ट इथे नेमका याच ठिकाणी कच्चा पडतो.

पूर्व विदर्भात आणखी एक नोंद बघायची: निस्तार पत्रक. गावाची चराई, जळाऊ लाकूड, स्मशान, पांदण, सार्वजनिक वापराच्या जमिनी त्यात असतात. याच भागात झुडपी जंगलाचा (खुरट्या झुडपांच्या जमिनींचा) प्रश्न आहे. २२ मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या जमिनी वनजमीनच समजाव्यात असं ठरवलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवली. जुन्या सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असेल आणि आज तिथे प्लॉट पाडलेले असतील, तर दलाल कितीही रंगवून सांगो, महसूल आणि वन दोन्ही खात्यांचं लेखी उत्तर आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.

भूदानाची जमीनही इथलाच विषय. वर्धा-यवतमाळकडे अशा जमिनी सापडतात. भूदान यज्ञ मंडळाने भूमिहीनाला कसायला दिलेली जमीन खुल्या बाजारात विकायची नसते. नोंद एखाद्या जुन्या फेरफारात असते आणि नव्या उताऱ्यावर गळून गेलेली असू शकते. म्हणूनच वर फेरफारांसाठी वेगळे पैसे मोजायला सांगितलं.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं, आणि त्याची परवानगी पटवारी किंवा तहसीलदाराच्या हातची नाही. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यात हा प्रश्न रोजचा. विकणारा आदिवासी नसेल, पण त्याच्या आजोबांनी आदिवासीकडून घेतलेली असेल, तरी धोका संपत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ दरम्यानच्या अशा हस्तांतरणांवर १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा आहे. आजच्या सातबाऱ्यावरून हे कळत नाही, फेरफारांच्या साखळीतून कळतं.

घेणाराही तपासला जातो. विदर्भात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. इथे मुंबईचा कुळकायदा नाही, विदर्भाचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा लागतो आणि त्यातलं कलम ८९ बिगर-शेतकऱ्याला अडवतं. तुकडा घेत असाल तर तुकडेबंदीही (ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी) बघा: २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे. आपल्या जिल्ह्याचा आकडा दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्या.

नोंदणी विभागाचा ई-सर्च (नोंदलेल्या दस्तांचा ऑनलाइन शोध) हा महाभूमीपेक्षा वेगळ्या खात्याचा. सातबाऱ्यात अजून न पोचलेली गोष्ट इथे सापडते. फुकटच्या शोधात वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकायचा, मग कॅप्चा. अडचण अशी की एका वेळी एकच वर्ष शोधता येतं. तीस वर्षं म्हणजे तीस शोध, त्यात कॅप्चा पुन्हा पुन्हा टाकावा लागतो. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे असू शकतं, आणि एकत्रीकरण किंवा पोटहिश्श्यामुळे नंबर बदलला असेल तर जुना व नवा दोन्ही टाकून बघा. ‘४५/२’ टाकून काही आलं नाही, तर नुसतं ‘४५’ टाका.

मिळालेली सूची क्रमांक दोन (दस्ताचा गोषवारा) नीट वाचा: विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, लिहून देणारा, लिहून घेणारा, नोंदणीची तारीख. ‘साठेखत’ (पुढे विकण्याचा करार) दिसलं आणि त्यानंतर रद्दलेख दिसला नाही, तर कोणाचा तरी हक्क अजून त्या वावरावर लोंबकळतो आहे. गहाणखत, मुखत्यारपत्र, बक्षीसपत्र यांच्याकडेही तसंच बघायचं. मुखत्याराने विकलेलं असेल तर मुखत्यारपत्र देणारा तेव्हा हयात होता का, ते विचारा. नोंदणी न झालेले स्टँपपेपरवरचे इसार मात्र या शोधात कधीच येणार नाहीत. त्यावर उपाय जुनाच: गावात खपणाऱ्या पेपरात वकिलामार्फत जाहीर सूचना द्यावी, हरकतीला १५ दिवस ठेवावे आणि पोलीस पाटील, सोसायटीचा सचिव, धुऱ्याशेजारचे शेतकरी यांच्याशी बोलून घ्यावं. धुरेकऱ्याला ठाऊक असलेलं भांडण बहुतेकदा कुठल्याच साइटवर नसतं.

कोर्टातले दावे ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधता येतात. नावाचं स्पेलिंग बदलून दोन-तीनदा बघा. महसुली अपिलांची वेगळी साइट आहे, तीही उघडा.

भूनकाशा दिसायला छान, पण मोजमापाला निरुपयोगी. गट कुठे आहे, नाला-रस्ता कोणत्या अंगाला आहे, एवढाच अंदाज त्यावरून घ्यावा. हद्द फक्त भूमी अभिलेखच्या मोजणीने ठरते. अर्ज ई-मोजणीतून होतो. ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीचे २,००० रुपये आणि द्रुतगतीचे ८,००० असे डिसेंबर २०२४ पासूनचे दर आहेत. मोजणीनंतर ‘क’ प्रत घ्या आणि ती खरेदीखतातल्या चतुःसीमेशी जुळवा. वहिवाट दहा आर कमी निघाली तर भाव तिथेच पुन्हा बोला. वावरात जायला पांदण नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हेही याच वेळी बघा. बैलबंडी जाते म्हणून रस्ता आहे, असं होत नाही.

ताबा कोणाचा, याचा सुगावा गाव नमुना बारामधून लागतो. ई-पीक पाहणीमुळे कोणत्या हंगामात काय पेरलं ते तिथे येतं. पण ती नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो, त्यामुळे बटईदाराचं (वाट्याने कसणाऱ्याचं) नाव तिथे येईलच असं नाही. वावरात काम करणाऱ्याला ‘यंदा कोणाचं?’ एवढं विचारलं तरी भागतं.

गावठाणातलं घर किंवा प्लॉट असेल तर सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा कागद, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका झाली असेल तर ती मागा. हायवेलगतच्या ‘एन.ए. प्रस्तावित’ लेआउटमध्ये बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा दाखवा म्हणावं. नसेल तर ते अजून वावरच आहे.

गुणांकन करायचंच तर: डिजिटल सातबारा आणि आपली चावडी दहापैकी आठ. पैशाच्या मानाने यापेक्षा जास्त मागता येणार नाही. ई-सर्च सहा, माहिती उत्तम पण शोधायची पद्धत छळणारी. आपले अभिलेख पाच, आणि तेही तुमच्या गावचा दप्तर चढलेला असेल तर. भूनकाशा चार.

खरेदीच्या दिवशी सकाळी नवा डिजिटल सातबारा काढा आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक जुन्या प्रतीशी जुळवा. दस्त झाल्यावर नोंदणी कार्यालयाकडून माहिती ई-फेरफारमध्ये जाते, पटवारी नमुना नऊची नोटीस काढतो, पंधरा दिवसांनी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मधल्या काळात चावडीवर आपला फेरफार आला का ते बघत राहा. पंधरवडा उलटूनही आला नाही तर दस्ताची प्रत घेऊन स्वतः जा. नवीन उताऱ्यावर नाव, क्षेत्र, हिस्सा तिन्ही दस्ताशी ताडून बघा. लेखनाची चूक असेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लगेच अर्ज टाका, कारण पुढचा फेरफार त्यावर चढला की तीच चूक दुरुस्त करायला आधीच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा काढाव्या लागतात.